दिव्यापुढचा डाग

अंड्यांच्या वखारीत तिला सगळे तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठ फिरली की भिंग. चष्मा असा जाड, की काचा बाटलीच्या बुडाच्या असाव्यात असं वाटायचं. चष्म्याशिवाय तिला चार हातांवरचा नवरा आणि दाराचा खांब यांतला फरक कळायचा नाही. नवरा म्हणायचा, खांबाला निदान कुणी उणंदुणं बोलत नाही. पण तोच चष्मा कपाळावर ढकलून तिने अंडं नाकाशी धरलं, की मग काय विचारता! कवचावरची केसाएवढी चीर असो, नाहीतर बलकाला चिकटलेला राईएवढा रक्ताचा ठिपका असो, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

तिचं काम मागच्या अंधाऱ्या खोलीत चालायचं. खिडकीला काळा कागद डकवलेला. टेबलावर पत्र्याचा डबा, डब्यात दिवा, आणि डब्याला समोरून अंड्यापेक्षा थोडं लहान भोक. त्या भोकावर अंडं टेकवायचं आणि बोटांनी गर्रकन फिरवायचं. चांगलं अंडं आतून नारिंगी उजळतं, बलकाची सावली मध्ये डुलते, बाकी सगळं नितळ. ठिपका दिसला की अंडं डाव्या हाताच्या टोपलीत, नाही दिसला की उजव्या हाताला ट्रेमध्ये. भोक लहान, म्हणून ती नेम धरणाऱ्या शिकाऱ्यासारखा डावा डोळा मिटून उजव्याने बघायची. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्या खोलीचा उंबरा ओलांडला की डावा डोळा आपसूकच मिटायचा. वखारीचे मालक थट्टेने म्हणायचे, "ताईंचा उजवा डोळा माझा, डावा त्यांच्या घरच्यांचा."

ट्रे भरायला समोर तिची धाकटी जाऊ बसायची. आणि दोघींमध्ये अबोला होता.

अबोला म्हणजे कसा, तर एका घरात राहायचं, थोरलीच्या नवऱ्याच्या एकाच टेम्पोतून कामावर यायचं, दिवसभर एका दिव्यासमोर बसायचं, आणि बोलायचं भिंतीशी. "कुणीतरी ट्रे सरळ धरेल तर बरं होईल," थोरली भिंतीला सांगायची. "कुणाला घाई असेल तर त्यांनी स्वतः धरावा," धाकटी डब्याला उत्तर द्यायची. कारण काय म्हणाल तर एक अंडं. पूर्वी कधीतरी थोरलीने पास केलेल्या ट्रेमधून धाकटीने एक अंडं उचललं होतं आणि मालकांसमोर म्हणाली होती, "ताई, यात ठिपका आहे बघा." होता ठिपका. पण थोरलीच्या नाकाला मिरची झोंबली. "माझ्या डोळ्यावर बोट ठेवणारी तू कोण गं?" असं चारचौघांत म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघींच्या तोंडाला कुलूप.

आता जे घडलं ते सांगायचं, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. ज्या दिवसांची ही हकीकत, त्या दिवसांत अंड्यांत काहीही वाईट नव्हतं. वाईट होतं ते थोरलीच्या उजव्या डोळ्यात, आणि तो डोळा थोडा थोडा करून हातचा चालला होता. अख्ख्या वखारीला डाग दाखवणाऱ्या बाईला तेवढं एक दिसलं नाही.

सुरुवात झाली ती विजेने. सकाळी नेहमीसारखी ती खोलीत शिरली, मान वळवली, आणि उजव्या बाजूला अंधारात लख्खकन काहीतरी चमकलं. पुन्हा मान वळवली, पुन्हा चमकलं.

"वायर लूज आहे," ती भिंतीला म्हणाली. "एक दिवस जाळून मारतील आपल्याला."

वायरमनला बोलावलं. त्याने होल्डर उघडला, वायर ओढून पाहिली, बटण दहादा खालीवर केलं. "ताई, काही नाही हो यात."

"मग मी काय खोटं बोलते? बदल सगळं."

त्याने बिचाऱ्याने सगळं बदललं. नव्या वायरीतही वीज चमकत राहिली. थोरलीने वायरमनच्या खानदानाचा उद्धार केला आणि कामाला लागली.

पाठोपाठ अंड्यांत धागे दिसू लागले. आधी एक बारीक काळा धागा, वळलेला. मग त्याच्या शेजारी ठिपका. मग तीन-चार ठिपके. अंडं फिरवलं की ठिपके जरा मागून, सावकाश फिरायचे. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिला जरा शंका आली असती. पण हिला कुठली शंका! रक्ताचा ठिपका बलकाबरोबर डुलतोच, हे तिला पाठ होतं. उलट ते बघून तिची खात्रीच पटली. अंडं टोपलीत. पुढचं अंडं, तेच. टोपलीत. दुपारपर्यंत टोपली शिगोशीग भरली आणि ट्रे रिकामे राहिले.

त्या वेळी वखारीत एकाच पोल्ट्रीवाल्याचा माल येत होता. सरळ माणूस, खाली मान घालून बोलणारा. त्याला बोलावून थोरलीने असं फैलावर घेतलं की तो टोपी हातात धरून नुसता उभा राहिला.

"कोंबड्यांना काय खायला घालता? खिळे? एका अंड्यात नाही हो, सगळ्यांत रक्त!"

"ताई, कोंबड्या तर चांगल्या दिसतात..."

"मला दिसतं ते तुम्हाला दिसतं का?"

भिंगाने सांगितलं म्हणजे झालंच. त्याने खाद्य बदललं, गुरांच्या डॉक्टरला आणून दाखवलं, पाण्याची टाकी घासून घेतली. पण माल आला की टोपली तशीच भरायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

घरीही चमत्कार चालू होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिला जळमट दिसलं. झाडू घेऊन तिने ते झटकलं, तर ते सरकून खिडकीवर गेलं. खिडकी झटकली, तर जळमट छतावर. नवरा जेवता जेवता बघत होता. "काय गं, कोळ्याशी शिवाशिवी खेळतेस का?"

"तुमच्या घरात जळमटं झालीत ती दिसत नाहीत तुम्हाला!"

"मला तर एकही दिसत नाही."

"तुम्हाला कधी काय दिसलंय?" आणि तिने झाडू भिंतीवर आपटला.

हे सगळं दाराशी उभी राहून धाकटी बघत होती, आणि तिला हसू येत नव्हतं.

कारण धाकटीने हे सगळं आधी पाहिलं होतं. तिचे वडील शिंपी होते. एक दिवस त्यांनाही पांढऱ्या कापडावर केस दिसू लागले, ते बोटांनी वेचू लागले. मग चमक, मग धूर, मग एका बाजूने काळा पडदा. "होईल आपोआप कमी" म्हणत ते थांबले आणि डोळा गेला तो गेलाच. डॉक्टर तेव्हा एवढंच म्हणाले होते, आधी आला असतात तर वाचला असता. ते वाक्य धाकटीच्या डोक्यातून कधी गेलं नव्हतं. थोरली जेवायला उठली की ती आता हळूच टोपलीतली अंडी उचलून दिव्यावर धरायची. एकूण एक नितळ. तिला कळून चुकलं होतं. पण सांगायचं कसं? ज्या डोळ्यावर बोट ठेवल्याने इतकी वर्षं भिंतीशी बोलावं लागलं, त्याच डोळ्यावर पुन्हा बोट ठेवायचं? बरं, थोरली ऐकेल असंही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि म्हणेल, माझ्या जागेवर बसायचंय तुला, म्हणून हे नाटक.

तिने आधी भिंतीला सांगून पाहिलं. "कुणाचे डोळे दुखत असतील तर दाखवून यावेत."

"कुणाला आपलं काम करता येत असेल तर करावं," भिंतीने, म्हणजे थोरलीने, सांगितलं.

धाकटीने थोरल्या दिरांनाही हळूच सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बाई गं, मी तिला सांगू? मला अजून जगायचंय." आणि टेम्पो घेऊन निघून गेले. असे पुरुष असले की घराचं काय व्हायचं, ते देवच जाणे.

मग एक दिवस सकाळी पोल्ट्रीवाला आला आणि अंधाऱ्या खोलीच्या दारातच रिकाम्या क्रेटवर बसला. "ताई, सांगायला आलो होतो. मालक माल घ्यायला तयार नाहीत. सगळ्या कोंबड्या खाटकाला द्यायचं ठरवलंय. दुपारी गाडी येते." एवढं बोलून तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

थोरलीलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. "आजार असेल तर काढलेल्याच बऱ्या," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. मग चष्मा कपाळावर ढकलला, डावा डोळा मिटला आणि शेवटच्या मालातलं अंडं दिव्यावर धरलं.

आणि अंड्यात धूर सुटला.

पाण्यात शाई सांडावी तसा. वरून काळपट लाल रेघा उतरल्या, पसरल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि बघता बघता सगळं अंडं गढूळ झालं. तिने ते टाकून दुसरं घेतलं. त्यातही धूर. तिसऱ्यात तर बलकच दिसेना.

"नासली! सगळीच्या सगळी नासली!" ती ओरडली. "अहो, काय घेऊन आलात हे? विष आहे का?"

पोल्ट्रीवाला क्रेटवरून उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी धाकटी टेबलापलीकडून उठली.

"ताई, अंडी नासलेली नाहीत."

इतक्या वर्षांनी ती भिंतीशी नाही, माणसाशी बोलली होती.

"काय म्हणालीस?"

"उजवा डोळा मिटा आणि डाव्याने बघा."

"परत माझ्या डोळ्यावर बोट ठेवतेस?" थोरलीचा आवाज चढला. "याच्यासमोर? तुला काय वाटतं, मला..."

धाकटीने तिला पुढे बोलूच दिलं नाही. टेबलाला वळसा घालून ती मागे आली आणि तिने आपला तळवा थोरलीच्या उजव्या डोळ्यासमोर आडवा धरला. दुसऱ्या हाताने तेच तिसरं अंडं दिव्यावर टेकवलं. "डावा उघडा, ताई. शिव्या मग द्या. आधी उघडा."

डाव्या डोळ्याला त्या खोलीत उघडायची सवयच नव्हती. तो मिचमिचला, ओलावला, मग उघडला.

अंडं नारिंगी उजळलं होतं. बलक मध्ये डुलत होता. ठिपका नाही, धागा नाही, धूर नाही.

धाकटीने तळवा काढला. धूर परत आला. परत धरला. अंडं नितळ.

थोरलीने वर छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पोल्ट्रीवाल्याच्या तोंडाकडे बघितलं. धूर सगळीकडे तिच्याबरोबर फिरत होता. पोल्ट्रीवाल्याच्या गालावरून लाल रेघ ओघळत होती आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे ती सासूपासून मालकांपर्यंत सगळ्यांना सुनावत आली होती.

"हे सगळं... माझ्यात आहे?"

"हो, ताई. आणि बसायला वेळ नाही. माझ्या वडिलांचा डोळा असाच गेला. चला."

जाता जाता धाकटीने पोल्ट्रीवाल्याला सांगितलं, "भाऊ, आधी घरी जा आणि ती गाडी परत पाठवा." तो टोपी विसरूनच धावत सुटला.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत उजेड टाकला, आणि थोड्या वेळाने मागे सरकल्या. "आत रक्त आहे. त्यामुळे मागचा पडदा मला दिसतच नाही." मग मिटलेल्या पापणीवर गार जेल लावून डोळ्याची सोनोग्राफी केली. थोरलीने धाकटीचा हात कधी धरला ते तिचं तिलाही कळलं नाही.

"पडदा अजून जागेवर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण वरच्या बाजूला फाटल्यासारखा वाटतोय. जाड चष्मा असला की पडदा पातळ असतो, आणि आतलं पारदर्शक जेल सुटताना त्याला ओढतं. तेव्हा चमक दिसते. चमकत होतं का?"

"चमकत होतं," थोरली म्हणाली. "मी वायर बदलायला लावली."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता नीट ऐका. आडवं व्हायचं नाही. बसायचं, झोपायचं तेही बसून, डोकं उंच ठेवून. म्हणजे रक्त खाली बसेल आणि वरची फाट मला दिसेल. दिसली की लेझरने कडेकडेने पक्की करता येईल. रोज दाखवायला या. पण मध्येच एका बाजूने काळा पडदा सरकत आला, तर त्या क्षणी निघायचं. तेव्हा लेझरने भागणार नाही, मोठं ऑपरेशन लागेल. आणि त्यानंतरही नजर किती राहील, ते आज कुणी सांगू शकत नाही."

मग सुरू झालं ते बसणं. खुर्चीत पाठीशी उशा रचून थोरली बसली, आणि समोर स्टुलावर धाकटी. थोरलीचा सगळा जीव त्या डोळ्याच्या कडेला टांगलेला. काळा पडदा येतो का? इकडून? तिकडून? दर थोड्या वेळाने ती डावा डोळा झाकून उजव्याने भिंतीवरचं घड्याळ शोधायची. घड्याळ नाही, नुसता तांबूस गढूळपणा. नवरा दाराशी यायचा, घसा खाकरायचा, आणि "काही हवं का?" विचारून पळायचा. एकदा मात्र तो आत आला आणि झाडू घेऊन छताचा कोपरा उगीचच झटकत राहिला. तोंड तिच्याकडे केलं नाही. थोरली म्हणाली, "अहो, तिथे काही नाहीये." तो म्हणाला, "माहीत आहे गं." आणि झटकतच राहिला.

एका दुपारी तिचा डोळा लागला. जाग आली तर उजवीकडे काळोख. ठार काळोख, अर्ध्यापर्यंत आलेला. "आला!" ती किंचाळली. "अगं, आला पडदा!" धाकटी धडपडत उठली, स्टूल आडवं झालं, नवरा चपला न घालताच टेम्पोकडे धावला. धाकटीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघितलं, तर शाल घसरून डोळ्याच्या कोपऱ्यावर आली होती. शाल बाजूला केली. काळोख गेला. दोघी आधी हसल्या, मग थोरली रडायला लागली ती थांबेच ना.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "या डोळ्याशिवाय मी कोण? भिंग म्हणतात मला, ठाऊक आहे मला. भिंगाला तडा गेला की फेकून देतात."

"रडू नका, ताई. डोकं हलतं, रक्त खाली बसायचं नाही." मग जरा थांबून धाकटी म्हणाली, "आणि तडा गेलेलं वेगळं काढायचं काम तुमचं आहे. इतर कुणाचं नाही."

हळूहळू वरून उजळायला लागलं. आधी घड्याळाची वरची कड, मग अर्धं घड्याळ. वरचा भाग मोकळा झाल्याबरोबर डॉक्टरीणबाईंना फाट सापडली. त्याच दिवशी लेझर झालं. हिरव्या उजेडाचे टपाटप फटके, आणि आत कुठेतरी खोल ठणका. खुर्चीचे हात धरून थोरली सगळं सोसत बसली. बाहेर धाकटी, शेवटी शिंप्याचीच मुलगी, मनात म्हणत होती, फाटल्याच्या कडेने टाके पडू देत, सगळे पडू देत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचला," म्हणाल्या. "पण काही डाग राहतील. धागा, ठिपके. ते आता कायमचे सोबतीला. सवय होईल. मात्र नवे ठिपके आले किंवा पुन्हा चमकलं, तर वायरमनला बोलावू नका."

रक्त पूर्ण निवळल्यावर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, आणि थोरली वखारीत आली. मालक दाराशी आले, वायरमनही आला. पोल्ट्रीवाला आपली टोपी न्यायला म्हणून आला होता, पण खरं तर तिला बघायला. थोरली त्याच्यापुढे उभी राहिली. "भाऊ, तुमच्या कोंबड्यांची मी माफी मागते." तो गडबडला. "अहो, त्यांना काय कळतंय ताई," म्हणाला आणि खाली बघून हसला.

ती अंधाऱ्या खोलीत शिरली. दिव्यासमोरच्या जागेवर धाकटी बसली होती. ती लगेच उठली आणि पलीकडे ट्रेपाशी जाऊन बसली. थोरलीने चष्मा कपाळावर ढकलला. डावा डोळा आपसूक मिटला. अंडं दिव्यावर धरून फिरवलं.

नारिंगी उजेडात एक ठिपका होता. तो सावकाश, जरा मागून फिरत होता.

तिचा हात टोपलीकडे गेला आणि मध्येच थांबला. ती डावा डोळा उघडून बघू शकली असती. एवढं सोपं होतं ते. पण तिने भोकावर धरलेलं अंडं तसंच धरलं, डबाच फिरवून धाकटीच्या समोर केला, आणि भिंतीकडे नाही, सरळ तिच्याकडे बघून विचारलं,

"बघ गं. माझा की अंड्याचा?"

धाकटी पुढे वाकली. तिने नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"तुमचा, ताई."

थोरलीने अंडं तिच्या हातात दिलं आणि पुढचं उचललं.